फरशी आणि फळी : एका घरातल्या दोन जमिनी

घर पाहायला गेलेला माणूस भिंतींचा रंग पाहतो, खिडक्या कोणत्या दिशेला आहेत ते पाहतो, नळाला पाणी किती वेळ येते याची चौकशी करतो. गृहिणी स्वयंपाकाचा ओटा वितीने मोजून घेते. जमिनीकडे मात्र सहसा कोणी पाहत नाही. रांगत्या बाळापासून काठी टेकत चालणाऱ्या आजोबांपर्यंत घरातल्या प्रत्येकाचा दिवसभर जिच्याशी संबंध येतो, ती जमीन आपण बांधणाऱ्याने दिली तशी पत्करतो. पुढे दहा-पंधरा वर्षांनी घराची डागडुजी निघते आणि मग पहिला प्रश्न उभा राहतो तो जमिनीचाच. चार लाद्या पिचलेल्या असतात, दोन डुगडुगत असतात, न्हाणीघराजवळचा कोपरा कायमचा काळा पडलेला असतो. आणि घरातल्या कोणीतरी कुठेतरी लाकडी जमीन पाहिलेली असते.

मग वाद सुरू होतो. मुलांना निजायच्या खोलीत लाकूड हवे असते. आजींना लादीशिवाय दुसरे काही चालणार नसते, कारण लाकूड ‘धुता येत नाही’. वडील दोन्हींचे भाव ऐकून गप्प बसतात. अखेर तडजोड होते : बाहेर लादी, आत लाकूड. ही तडजोड मुळीच वाईट नाही. किंबहुना आपली हवा आणि आपली राहणी पाहता तीच सर्वांत शहाणपणाची, असे म्हणायला हरकत नाही. अडचण एवढीच, की लादी कोणती आणि लाकूड कोणते यावर महिनाभर खल करणारे कुटुंब, ती दोन्ही जिथे एकमेकांना भेटतात त्या बोटभर जागेचा विचार पाच मिनिटेही करीत नाही. पैसे वाया जातात ते बहुधा तिथेच, आणि घरातले वयस्क माणूस ठेचकाळते तेही तिथेच. म्हणून त्या बोटभर जागेविषयी येथे थोडे विस्ताराने सांगायचे आहे.

उंबरठ्याचे शहाणपण

दगड आणि लाकूड एका घरात नांदवण्याची कला आपल्याला नवी नाही. पुण्या-नाशिकाकडचे जुने वाडे ज्यांनी पाहिले आहेत त्यांना आठवेल : चौकात दगडी फरसबंदी, माजघरात सारवलेली जमीन आणि वरच्या मजल्याला लाकडी तुळयांवर तोललेला कडीपाट. जिथे पाणी सांडायचे, घागरी टेकवायच्या, चिखलाच्या पायांनी माणसे यायची तिथे दगड. जिथे बसायचे-निजायचे तिथे माती किंवा लाकूड. आणि दोन जमिनींच्या मध्ये उंबरठा. उंबरठ्याला आपण हळदकुंकू वाहिले, त्याच्यापुढे रांगोळी काढली. पण बांधकामाच्या दृष्टीने पाहिले तर दोन वेगळ्या उंचीच्या, वेगळ्या जातीच्या जमिनींमधला सांधा झाकणारा तो एक ओंडका होता. खालची फट तो पोटात घेई आणि एका बाजूचे पाणी दुसऱ्या बाजूला जाऊ देत नसे.

मुंबईच्या जुन्या चाळींतही हीच जोडी होती. वरच्या मजल्यांना लाकडी तुळया, त्यांवर फळ्या, फळ्यांवर चुन्याचा कोबा किंवा लादी. आणि खोलीच्या कोपऱ्यात मोरी. ही मोरीच पुढे कित्येक इमारतींची वैरीण ठरली. तिच्यातून झिरपणारे पाणी भिंतीत रुतलेल्या तुळयांच्या टोकांपर्यंत पोचले आणि टोके आतल्या आत कुजत गेली. अशा मोडकळीला आलेल्या इमारतींसाठी १९६९ च्या कायद्याने इमारत दुरुस्ती व पुनर्रचना मंडळ स्थापन करावे लागले. पुढे १९७७ साली ते म्हाडात विलीन झाले. इमारती जीर्ण व्हायला इतर कारणेही पुष्कळ होती, हे खरे. पण लाकूड आणि पाणी शेजारी ठेवून मध्ये काही राखले नाही तर काय होते, याचा धडा मुंबईला असा महागात मिळालेला आहे.

लादीची हौसही आपल्याकडे जुनीच. राणीच्या बागेतले डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय १८७२ साली खुले झाले. तिथली मिंटनच्या विलायती लाद्यांची नक्षी आजही माणसाला खाली मान घालून चालायला लावते. १९२२ साली फिरोजशा आणि रुस्तुम सिधवा यांनी ‘भारत’ लाद्यांचा स्वदेशी उद्योग सुरू केला आणि सिमेंटच्या रंगीत लाद्या मध्यमवर्गीय घरांच्या आवाक्यात येऊ लागल्या. पाठोपाठ शहाबादी आणि मोझॅक यांनी घरोघर ठाण मांडले. जागच्या जागी ओतलेले मोझॅक ज्यांच्या घरात आहे त्यांनी एकदा वाकून पाहावे. त्यात चौकटीचौकटींनी काचेच्या पातळ पट्ट्या बसवलेल्या दिसतील. त्या नुसत्या शोभेच्या नव्हेत. सिमेंट आकसले म्हणजे तडा जायचा तो वेडावाकडा न जाता पट्टीच्या रेषेत जावा, ही त्यातली युक्ती. सांधा मुद्दाम ठेवावा लागतो हे आपल्या गवंड्याला तेव्हाही ठाऊक होते.

लाकूड पाणी पिते

आता लाकडाचा स्वभाव पाहू. लाकूड तोडले, चिरले, वाळवले, रंधले आणि त्यावर पॉलिश चढवले तरी हवेतल्या ओलीशी असलेले त्याचे नाते तुटत नाही. हवेतला दमटपणा ५० टक्के असेल तर लाकूड आपल्या कोरड्या वजनाच्या सुमारे ९ टक्के पाणी पोटात धरून ठेवते. दमटपणा ८० टक्क्यांवर जाऊन तिथेच राहिला, तर हे प्रमाण हळूहळू १६ टक्क्यांच्या आसपास जाते. पुण्यातली एप्रिलची रखरखीत दुपार आणि जुलैतली झड आठवा. मुंबईत तर कपाटातल्या चामड्याच्या चपलांनाही बुरशी येते. बंद घरात, पॉलिशखाली हा बदल एवढा टोकाला जात नाही. पण उन्हाळ्यापासून पावसाळ्यापर्यंत चार टक्क्यांचा फरक धरून चालावे.

पाणी प्याले की लाकूड फुगते. पण सर्व दिशांना सारखे नाही, आणि हीच गोष्ट सर्वांनी लक्षात ठेवण्याजोगी आहे. फळीच्या लांबीत ते जवळजवळ वाढतच नाही. वाढते ते रुंदीत. सागवान ओलेचिंब असल्यापासून पूर्ण कोरडे होईपर्यंत झाडाच्या वलयांच्या दिशेने ५.८ टक्के आकसते आणि गाभ्याकडून सालीकडे जाणाऱ्या दिशेने २.५ टक्के. परदेशात जमिनीसाठी नावाजलेल्या पांढऱ्या ओकचे हेच आकडे १०.५ आणि ५.६ आहेत. सागाची कीर्ती फुकाची नाही, हे यावरून दिसेल.

पण म्हणून साग स्वस्थ बसतो असे मात्र नव्हे. तीन मीटर, म्हणजे सुमारे दहा फूट रुंदीची खोली घ्या. ओंडक्याच्या साध्या चिरकामातून निघालेल्या सागाच्या फळ्या तिच्यात शेजारी शेजारी मांडा. चार टक्के ओल वाढली तर त्या सर्वांची मिळून रुंदी हिशेबाने २३ मिलिमीटर वाढेल. म्हणजे जवळजवळ एक इंच. ओंडका गाभ्याकडून सालीकडे चिरला असेल तर ही वाढ १० मिलिमीटरवर येते. खिळे, सरस आणि पॉलिश यांच्या दाबाने प्रत्यक्षात ती आणखी कमी होते, पण शून्य होत नाही. उलट भट्टीत भाजलेली लादी पाहा. चांगली व्हिट्रिफाइड लादी आपल्या वजनाच्या अर्धा टक्काही पाणी पीत नाही. तापमान वीस अंशांनी चढले तरी तीन मीटरची लाद्यांची रांग अर्ध्या मिलिमीटरहूनही कमी वाढते.

एकीकडे इंचाच्या जवळपास, दुसरीकडे अर्धा मिलिमीटर. आणि ही दोन्ही अंगाला अंग लावून, मध्ये तसूभर जागा न ठेवता बसवायची असा आपला आग्रह! काम उन्हाळ्यात झाले असेल तर फळ्या लादीला घट्ट भिडलेल्या पाहून घरमालक खूश होतो. आषाढात फळ्या फुगू लागतात. लादी हलत नाही, भिंत हलत नाही. मग लाकूड एकाच दिशेला जाऊ शकते, ती म्हणजे वर. मधली जमीन तव्यावरच्या पोळीसारखी फुगून येते, किंवा काठाची लादी तरी तडकते. मग सुतार म्हणतो, “लादीवाल्याने जागा ठेवली नाही, साहेब.” लादीवाला म्हणतो, “लाकूडच कच्चे होते.” दोघेही पैसे घेऊन गेलेले असतात आणि जमीन आपल्या घरात असते.

लाकूड म्हणून जे मिळते ते

बाजारात ‘लाकडी जमीन’ या एका नावाखाली निदान पाच निरनिराळ्या वस्तू विकल्या जातात. पहिले, अस्सल लाकूड. अठरा-वीस मिलिमीटर जाडीची सबंध फळी. आपल्याकडे चंद्रपूरकडचा बल्लारशाचा साग आणि कर्नाटकातला दांडेलीचा साग प्रसिद्ध. ब्रह्मी सागाचे नाव अजून वखारीत ऐकू येते. मात्र म्यानमारने २०१४ पासून ओंडक्यांची निर्यात बंद केली, तेव्हा ते नाव ऐकून लगेच विरघळू नये. अस्सल फळी महाग पडते, पण ती पुन्हा घासून पॉलिश करता येते आणि दोन पिढ्या टिकते. घेताना गाभ्याचा भाग पाहून घ्यावा. सागाच्या गाभ्याला वाळवी सहसा लागत नाही; बाहेरच्या पांढुरक्या भागाला ती खुशाल लागते.

दुसरे, ‘इंजिनिअर्ड’ लाकूड. यात वर दोन ते चार मिलिमीटर खरे लाकूड आणि खाली प्लायवूडसारखे एकमेकांवर आडवे-उभे चिकटवलेले थर असतात. एक थर फुगू लागला की दुसरा त्याला धरून ठेवतो, म्हणून याची हालचाल अस्सल फळीपेक्षा पुष्कळ कमी. मध्यमवर्गीय घराला हेच बहुधा सोयीचे. तिसरे लॅमिनेट : दाबलेल्या भुश्श्याच्या फळीवर लाकडाचे छापील चित्र आणि वर कठीण पारदर्शक थर. दिसायला छान, खिशाला परवडणारे. पण सांध्यातून पाणी शिरले की कडा फुगतात आणि वाळल्यावरही पूर्ववत होत नाहीत. चौथ्या त्या विनाइलच्या पट्ट्या. त्यांत लाकूड नसते, म्हणून त्यांना पाण्याचे भय नाही. आणि पाचवी, लाकडासारखी दिसणारी लादी. गुजरातेत मोरबीला लाद्यांच्या कारखान्यांची मोठी वसाहत आहे. तिथून लाकडाच्या रेषा उठवलेल्या लांबट लाद्या आता गावोगाव पोचतात. ज्या घरात रोज दोन वेळा पाण्याने जमीन पुसली गेलीच पाहिजे असा दंडक आहे, त्या घराने सरळ ही लादी घ्यावी आणि सुखी राहावे. पायाला ती लाकडासारखी लागणार नाही, डोळ्यांना लागेल.

दुकानात गेल्यावर एकच प्रश्न विचारावा : “वरचा खऱ्या लाकडाचा थर किती मिलिमीटरचा?” उत्तर देताना दुकानदार अडखळला, तर समजावे की थर नाही.

कुठे लादी, कुठे लाकूड

पौषातल्या पहाटे लादीवर पाय टेकला की अंगावर काटा येतो, पण लाकडावर तसे होत नाही. वास्तविक दोन्हींचे तापमान एकच असते. लादी पायातली उष्णता लाकडापेक्षा पुष्कळ वेगाने ओढून घेते, म्हणून ती गार भासते. हाच गुण वैशाखात हवासा वाटतो. तेव्हा दिवसा जिथे वावर तिथे लादी आणि रात्री जिथे निजायचे तिथे लाकूड, ही विभागणी हवामानालाही धरून आहे.

स्वयंपाकघर, न्हाणीघर, बाल्कनी, कपडे धुण्याचे यंत्र ठेवायची जागा आणि घरात शिरल्या शिरल्या चपला काढायची जागा येथे लादीच हवी. चपलेबरोबर येणारी बारीक रेती लाकडाला कानशीसारखी घासते. देवघराचा कोपराही लादीचा असावा. समईचे तेल, अभिषेकाचे पाणी, कुंकू आणि हळद यांपैकी काहीही लाकडाच्या रेषांत शिरले की निघणे कठीण. आणि पणत्या मांडायच्या त्या लाद्यांवरच. जेवायला पाट मांडून बसणाऱ्या घरात जेवणाची जागाही लाकडाची करू नये. निजायची खोली, अभ्यासाची खोली, हॉलमधला भिंतीकडचा बसण्याचा भाग या लाकडाच्या जागा. तळमजल्यावर मात्र जमिनीतून ओल वर येते. तिथे लाकूड घालण्यापूर्वी खाली ओल अडवणारा थर हवाच, आणि वाळवीवरची फवारणीही आधी उरकलेली हवी.

सांधा कसा घालावा

आता मुख्य मुद्दा. लाकूड रुंदीत वाढते, लांबीत नाही, हे वर पाहिले. मग फळ्या अशा घालाव्यात की त्यांची टोके लादीकडे येतील आणि लांब कडा भिंतींकडे जातील. टोकांची बाजू फारशी हलत नाही, म्हणून लादीजवळ नाजूक, बारीक सांधा चालतो. सगळी वाढ भिंतींकडे जाते. तिथे ठेवलेली दहा-बारा मिलिमीटरची फट स्कर्टिंगच्या पट्टीखाली झाकली जाते आणि कोणाच्या दृष्टीस पडत नाही. एका सुताराला फळ्यांची दिशा बदलायला सांगण्याने अर्धे संकट टळते, आणि त्याला एक पैसाही जास्त पडत नाही. मात्र लाकूड पाणी सर्वांत लवकर पिते ते टोकांतूनच. म्हणून कापलेली टोके बसवण्याआधी पॉलिशने नीट बंद करून घ्यावीत.

हॉलमध्ये लाकडाचा भाग काटकोनात वळत असेल, तर एका बाजूला टोके आणि दुसऱ्या बाजूला लांब कडा लादीला भिडणारच. लांब कडेच्या बाजूला फट मोठी ठेवावी. लॅमिनेट आणि इतर तरंगत्या जमिनी, म्हणजे ज्या खाली न चिकटवता नुसत्या फोमवर अंथरतात, त्यांना चहूबाजूंनी आठ-दहा मिलिमीटर मोकळीक लागते. तिथे दिशेची युक्ती पुरत नाही.

ही फट सिमेंटने किंवा लादीत भरायच्या पांढऱ्या सिमेंटने कधीही बुजवू नये. बुजवली की ती फट राहिली नाही, भिंत झाली. बारीक फटीत बुचाची पट्टी किंवा सिलिकोनसारखे दबणारे द्रव्य भरावे. मोठ्या फटीवर पितळेची किंवा अ‍ॅल्युमिनियमची टोपीपट्टी बसवावी. तिचा दांडा खालच्या सिमेंटमध्ये रुतवायचा. फळीला स्क्रूने जखडायचा नाही. लाकूड पट्टीच्या पंखाखाली मोकळेपणे सरकले पाहिजे. जुना उंबरठा जे काम करी तेच ही बोटभर पट्टी करते.

दोन खोल्यांमध्ये सांधा नेमका कुठे यावा? दार लावल्यावर फळीच्या बरोबर खाली. म्हणजे बंद दाराच्या या बाजूला लादी दिसते, त्या बाजूला लाकूड दिसते, आणि एकीची कड दुसऱ्या खोलीत डोकावत नाही. हे दाराची चौकट ठरवतानाच सांगावे लागते. नंतर सांगून उपयोग नसतो. हल्ली षट्कोनी लाद्या वेड्यावाकड्या कडेने लाकडात मिसळत गेल्याची चित्रे मासिकांतून दिसतात. ती सुंदर दिसतात यात शंका नाही. परंतु त्या नक्षीतल्या प्रत्येक कोपऱ्याला फळी वेगळी कापावी लागते आणि प्रत्येक कापाला स्वतंत्र फट लागते. हाताशी तसा कसबी कारागीर असेल तरच या वाटेला जावे. सरळ रेषेसारखा निर्धोक सांधा नाही.

पाव इंचाचा हिशेब

सांध्याची दुसरी बाजू उंचीची. लादी आठ-दहा मिलिमीटर जाड. ती चिकटद्रव्यावर बसवली तर आणखी तीन ते सहा मिलिमीटर, आणि सिमेंट-वाळूच्या मालावर बसवली तर आणखी एक ते दोन इंच. इंजिनिअर्ड फळी बारा ते पंधरा मिलिमीटर, खालचा फोम दोन. हे आकडे कामाला सुरुवात होण्यापूर्वी कागदावर मांडून दोन्हींची बेरीज जुळवून घ्यावी. उदाहरणार्थ, हॉलमध्ये जुन्या लादीवरच नवी लादी चिकटवली तर उंची साधारण तेरा-चौदा मिलिमीटर वाढते. आतल्या खोलीत जुन्या लादीवर बारा मिलिमीटरची फळी आणि दोन मिलिमीटरचा फोम अंथरला तर तीही चौदाच होते. जमिनी आपोआप जुळल्या. हा हिशेब न केल्यास दारात अर्धा-पाऊण इंचाची पायरी तयार होते, आणि दाराचे पाते खालून रंधावे लागते ते वेगळेच.

पाऊण इंच म्हणजे काय, असे तरुणांना वाटेल. मोठी पायरी डोळ्यांना दिसते, माणूस पाय उचलतो. पाव-अर्ध्या इंचाची दिसत नाही. वय झाले की माणूस पाय उचलून नव्हे, जरा ओढत चालतो. रात्री दिवा न लावता न्हाणीघराकडे निघालेल्या आजींचा अंगठा त्या कडेला अडकतो आणि मग खुब्याचे हाड, शस्त्रक्रिया, महिनोन्‌महिने अंथरूण असा प्रवास सुरू होतो. अमेरिकेत अपंगांच्या सोयीसाठी २०१० साली ठरलेल्या मानकांत पाव इंचापर्यंतचा फरकच तसाच सोडायला परवानगी आहे. पाव ते अर्ध्या इंचाला उतार द्यावा लागतो. आपणही घरात हाच नियम पाळावा. पाव इंचाच्या वर फरक राहिलाच, तर एका बाजूने उतरती पट्टी मिळते ती बसवावी, आणि तिचा रंग जमिनीहून वेगळा निवडावा, म्हणजे ती नजरेत भरेल. काम संपल्यावर मिस्त्रीच्या पाणसळीवर विसंबून न राहता घरातल्या सर्वांत वयस्क माणसाला अनवाणी त्या दारातून दोनदा चालवून पाहावे. ती परीक्षा शेवटची.

जुन्या इमारतीत राहणाऱ्यांसाठी

ज्यांची इमारत लाकडी तुळयांची आहे त्यांनी एक आकडा लक्षात ठेवावा. दोन इंच सिमेंटचा माल आणि त्यावर लादी यांचे वजन दर चौरस मीटरला सुमारे १२० किलो होते. दहा फूट बाय बारा फुटांच्या एका खोलीत ते तेराशे किलोंच्या पुढे जाते. एखादी लहान मोटारगाडी आणून खोलीत उभी करावी तसे. शंभर वर्षांच्या तुळयांवर, ज्यांची टोके कुजली आहेत की नाहीत हे कोणी पाहिलेले नाही, हा भार टाकण्यापूर्वी बांधकाम अभियंत्याला दाखवणे हा खर्च नव्हे, विमा आहे. आपल्या खाली आणखी एक कुटुंब निजलेले असते. अशा घरात जुन्या फळ्या शाबूत असतील तर त्या घासून, पॉलिश करून वापरणे सर्वांत हलके आणि बहुधा सर्वांत सुंदर. लादी फक्त पाण्याच्या जागी, हलक्या थरावर आणि खाली पाणी अडवणारा लेप देऊन.

मुहूर्त आणि उस्तवार

कामाचा क्रम ठरलेला आहे. आधी लादी, प्लास्टर, रंग, नळाची कामे. लाकूड सर्वांत शेवटी. नवा सिमेंटचा थर इंचाला साधारण एक महिना वाळायला घेतो. तो वाळला की नाही हे पाहण्याची सोपी रीत अशी : दीड फूट चौरस प्लास्टिकचा जाड कागद जमिनीवर ठेवून चारी कडा चिकटपट्टीने बंद कराव्यात आणि दुसऱ्या दिवशी उचलून पाहाव्यात. खाली दव जमले असेल किंवा सिमेंट काळसर झाले असेल, तर थांबावे. फळ्या आणल्या की त्याच दिवशी ठोकायला घेऊ नयेत. त्याच खोलीत, गठ्ठे सोडून, अस्सल लाकूड आठवडाभर तरी आणि लॅमिनेट दोन-तीन दिवस ठेवावे, म्हणजे त्यांना घराची हवा मानवते.

आणि ऋतू? मे महिन्यात लाकूड सर्वांत आकसलेले असते. तेव्हा घट्ट बसवले की पावसाळ्यात फुगते. जुलै-ऑगस्टमध्ये ते सर्वांत फुगलेले. तेव्हा बसवले की उन्हाळ्यात फळ्याफळ्यांमध्ये फटी पडतात. दोन्हींच्या मधला काळ म्हणजे पाऊस सरल्यावरचा, कार्तिक-मार्गशीर्षाचा. हा अंक हाती पडेल तेव्हा नेमका तोच काळ पुढे असेल.

उस्तवारीची गोष्ट शेवटी घरातल्या माणसांच्या आणि कामाला येणाऱ्या बाईंच्या हाती. लादी ओल्या फडक्याने पुसावी, लाकूड कोरड्या झाडूने झाडून घट्ट पिळलेल्या फडक्याने. बादल्या दोन आणि फडकी दोन ठेवावीत, म्हणजे एकाच फडक्याने दाराच्या या बाजूकडून त्या बाजूला जाण्याचा मोह होत नाही. पहिल्या पावसाळ्यात महिन्यातून एकदा सांध्यावरून हात फिरवावा. कड वर आलेली लागली तर लगेच सुताराला बोलवावे, श्रावण संपायची वाट पाहू नये.

आणि अंदाजपत्रक हाती आले, की त्यात सांध्याची ओळ आहे का ते पाहावे. लादीचा दर असेल, लाकडाचा असेल, पॉलिशचाही असेल. फट किती, पट्टी कोणती, उंचीत फरक किती आणि तो कोणी जुळवायचा, हे मात्र बहुधा नसते. काम सुरू होण्यापूर्वी सुतार आणि लादीवाला या दोघांना एका वेळी घरी बोलवावे, चहा द्यावा, आणि दोघांच्या देखत तेवढी एक ओळ कागदावर लिहून घ्यावी.